खाडीतल्या गाळाचं प्रदूषण कसं तपासावं: पुण्याहून निघण्यापासून निष्कर्षापर्यंत

पुण्यातल्या पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आणि कोकणातल्या खाड्यांसाठी धडपडणाऱ्या गटांचे गाळ-तपासणीचे अहवाल माझ्याकडे वाचायला येतात. यंत्रं चांगली असतात, मेहनतही खरी असते, पण चुका त्याच त्या. खाडीतल्या चिखलाची तुलना समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूशी केलेली असते. नमुना पितळी चाळणीतून चाळून त्यातलंच तांबं मोजलेलं असतं. एका पद्धतीने विरघळवलेल्या गाळाचे आकडे दुसऱ्या पद्धतीने काढलेल्या आकड्यांशेजारी ठेवलेले असतात. मग कधी सह्याद्रीच्या काळ्या खडकातून आलेला निरोगी गाळ ‘विषारी’ ठरतो, तर कधी खरोखर बिघडलेली जागा स्वच्छ ठरते. पहिली चूक जनसुनावणीत समोरचा वकील दोन मिनिटांत उघडी पाडतो. दुसरीची किंमत त्या खाडीतली कालवं आणि शिंपल्या खाणारी माणसं मोजतात.

गाळात तांबं किती, हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा म्हणजे कशाच्या मानाने किती. तो ताम्हिणी घाट उतरण्याआधी सोडवायचा असतो.

उदाहरणासाठी रेवदंड्याची खाडी घेते. कुंडलिका नदी तिथे समुद्राला मिळते आणि तिचं पुण्याशी थेट नातं आहे: मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेतच उतरतं.

## पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘खाडीचं प्रदूषण तपासणे’ हा प्रश्न नव्हे. ‘रोह्याच्या खालच्या अंगापासून मुखापर्यंत वरच्या २ सेंटिमीटर गाळात जस्त, तांबं, शिसं, क्रोमियम आणि पारा यांचं प्रमाण नैसर्गिक पातळीपेक्षा वाढलंय का?’ हा प्रश्न आहे. यातून खोली, घटक आणि तुलना तिन्ही ठरतात. तेल किंवा कीटकनाशकंही पाहायची असतील तर ती आत्ताच लिहा, कारण त्यांना बरण्या वेगळ्या लागतात आणि काठावर उभं राहून त्या मिळत नाहीत.

## पायरी २: जागा ठरवा, तुलनेची जागा आधी

आडोशाच्या पाण्यात प्रवाह मंदावतो आणि बारीक कण तळाशी बसतात. धातू चिकटतात ते मुख्यतः या बारीक कणांना, कारण त्यांचा पृष्ठभाग जास्त. शिवाय गोडं पाणी खाऱ्याला भेटतं त्या पट्ट्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. म्हणून खाडीच्या मधल्या भागात धातू जास्त दिसले, तर नाला तिथेच सुटतो असं समजू नका. तो कितीतरी वर असू शकतो.

नमुन्याच्या जागा नदीच्या गोड्या भागापासून मुखापर्यंत एका ओळीत घ्या. गोड्या-खाऱ्याच्या संगमाच्या पट्ट्यात त्या दाट ठेवा आणि प्रत्येक संशयित नाल्याच्या वर एक, खाली एक ठेवा.

तुलनेची जागा म्हणजे जिथे संशयित स्रोत पोचत नाही, पण खडक तोच, कणांचा बारीकपणा तोच आणि खारेपणाही साधारण तोच आहे अशी जागा. शेजारची, कारखाने नसलेली छोटी खाडी बहुधा योग्य ठरते. किनाऱ्यावरची पुळण कधीच नाही. वाळूत धातू कमी असतात ते ती वाळू आहे म्हणून, स्वच्छ आहे म्हणून नव्हे.

प्रत्येक जागी तीन वेगवेगळे नमुने घ्या. तिन्ही एकत्र कालवून एकच आकडा काढला तर पैसे वाचतात, पण दोन जागांमधला फरक खरा की योगायोगाचा हे सांगता येत नाही. पैसे कमी असतील तर जागा कमी करा, तिहेरी नमुने कमी करू नका.

तपासा: रेती उपसलेला किंवा बंदरासाठी खोल केलेला पट्टा तुमच्या यादीत आहे का? स्थानिक होडीवाल्यांना विचारा. नकाशात ते दिसत नाही.

## पायरी ३: तिथी, ऋतू, परवानगी

कोकणात दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, भरतीपासून ओहोटीपर्यंत जेमतेम सव्वासहा तास. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं जवळ ठेवा. कोळीवाड्यातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशोबही समजून घ्या: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. हा अंदाज मुखाजवळचा आहे. खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ पुढे सरकते.

होडीतून ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ उचलणारा जबड्यांचा डबा, टाकायचा असेल तर भांगाचे दिवस निवडा, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे. प्रवाह कमी असतो, ग्रॅब सरळ खाली जातो. उघड्या चिखलावर चालत नमुने घ्यायचे असतील तर पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाची ओहोटी घ्या, कारण पाणी सर्वात दूर जातं. हे उलट केलं तर होडी वाहत जाते किंवा चिखल उघडाच पडत नाही आणि रजा वाया जाते.

ऋतू एकच ठेवा. पावसाळ्यात नदी ताजी माती आणून जुन्या गाळावर पसरते. निम्म्या जागा मे महिन्यात आणि निम्म्या नोव्हेंबरमध्ये घेतल्या तर तुम्ही जागांचा नाही, पावसाचा फरक मोजता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा नियोजनच करू नका. गणेश विसर्जनानंतर लगेच विसर्जनघाटाजवळ घेतलेल्या नमुन्यात मूर्तींचे रंग येऊ शकतात. तोच प्रश्न असेल तर घ्या, नसेल तर टाळा.

तिवरं असलेल्या भागात पाय ठेवण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी विचारणा करा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून ही कामाची पहिली चिठ्ठी असू द्या.

सावधान: खाडीच्या मऊ चिखलावर एकट्याने जाऊ नका. मांडीपर्यंत रुतलेला माणूस भरती वळल्यावर स्वतःहून निघू शकत नाही. गावातला वाटाड्या, एक लांब फळी आणि दोर हवाच, आणि ओहोटी वळायच्या अर्धा तास आधी काठावर परत.

## पायरी ४: सामान घरीच स्वच्छ करा

धातूंसाठी प्लास्टिक, सेंद्रिय रसायनांसाठी काच आणि स्टील. याची गल्लत सर्वात जास्त होते.

धातूंच्या नमुन्यांसाठी प्लास्टिकचे चमचे आणि डबे १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवा, शुद्ध पाण्याने तीनदा धुवा आणि पिशवीत बंद करून न्या. तेल किंवा कीटकनाशकांसाठी गडद काचेची बरणी आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण. पाऱ्यासाठीही काच चांगली. सल्फाइडसाठी छोटी बरणी घ्या, ती काठोकाठ भरायची, आत हवा ठेवायची नाही.

हातमोजे पावडर नसलेले घ्या. उन्हापासून बचावाच्या बऱ्याच क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं. तेच हात गाळाला लागले तर जस्त कुठून आलं हे नंतर कोणी सांगू शकत नाही. होडीचा गॅल्व्हनाइज्ड नांगर आणि साखळी, सुटलेले रंगाचे पापुद्रे, डिझेलने ओला झालेला दोर, सगळ्यांपासून नमुना लांब ठेवा. ग्रॅबला रंग दिलेला असेल तर तो वापरू नका.

लेबल पेन्सिलने जाड ट्रेसिंग पेपरवर लिहा आणि दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा. शाई बर्फाच्या पाण्यात जाते. माझी स्वतःची एक अख्खी फेरी अशी वाया गेली: बारा पिशव्या, बाराही निनावी.

आधी सराव करा. बादलीभर चिखल आणि वर पाणी घेऊन गच्चीत कोअरचा, म्हणजे गाळाचा उभा थरांसकट नमुना काढायचा, पाइप दाबून, बूच लावून उचलायचा सराव दहा वेळा केला, की होडीत हात थरथरत नाहीत.

## पायरी ५: गाळ काढणे

नाखव्याला आधी सांगा: जागेवर पोचल्यावर इंजिन बंद, नांगर पाण्याच्या ओघाच्या वरच्या बाजूला, नमुना दुसऱ्या बाजूने. मग हा क्रम पाळा.

१. आधी पाणी मोजा: खोली, तळाजवळचा खारेपणा, तापमान, वेळ. कुंडलिकेत हे विशेष गरजेचं आहे. भिऱ्याहून पाणी सुटतं म्हणून तर कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं, त्यामुळे ‘उन्हाळा आहे, म्हणजे खारं पाणी बरंच आत आलं असेल’ हा अंदाज इथे फसू शकतो.

२. ग्रॅब शेवटचा मीटरभर अगदी सावकाश सोडा. धपकन टाकला तर त्याच्यापुढे ढकललेलं पाणी वरचा मऊ थर उडवून लावतं आणि नेमका तोच थर तुम्हाला हवा असतो.

३. वर आल्यावर उघडण्याआधी बघा. जबडे पूर्ण मिटलेत का? गाळावरचं पाणी बऱ्यापैकी नितळ आहे का? पृष्ठभाग सपाट आहे का? गाळ निदान ७ सेंटिमीटर आहे आणि वरच्या झाकणाला चिकटलेला नाही ना? एकही उत्तर नकारार्थी आलं तर तो नमुना टाकून द्या, पण पुढच्या प्रयत्नाच्या जागेपासून लांब.

४. वरचं पाणी नळीने हळूच ओढून काढा. ग्रॅब तिरका करून ओतलं तर बारीक कण त्याबरोबर जातात.

५. ग्रॅबच्या भिंतीला लागलेला गाळ सोडून मधला, वरचा २ सेंटिमीटर थर घ्या. सगळीकडे २ म्हणजे २. एका जागी २ आणि दुसऱ्या जागी १० घेतले तर एकीकडे कदाचित अलीकडची वर्षं येतील, दुसरीकडे अनेक दशकं.

६. रंग, वास, शंख, कचरा लिहा आणि फोटो काढा. वर तपकिरी, खाली काळा हा खाडीतल्या गाळाचा नेहमीचा क्रम आहे. काळ्या थरात प्राणवायू नसतो. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. काळा गाळ दिसला की ‘रसायन सोडलंय’ असं नोंदवहीत लिहू नका. फक्त रंग लिहा.

नैसर्गिक पातळी शोधायची असेल तर ग्रॅब पुरत नाही, कोअर हवा. ७ ते १० सेंटिमीटर व्यासाचा पारदर्शक पाइप सरळ दाबा. काढण्याआधी पाइपच्या आत आणि बाहेर गाळाची पातळी किती खाली आहे ते मोजा. फरक म्हणजे गाळ दबला. तो आकडा नसेल तर पुढच्या सगळ्या खोल्या चुकतात. थर कापताना कडेचा गाळ काढून टाका, पाइप खाली जाताना वरचा गाळ कडेने खाली ओढतो.

सावधान: ‘खोल म्हणजे जुनं, जुनं म्हणजे स्वच्छ’ हे आपोआप खरं नसतं. खेकडे आणि किडे गाळ खालीवर करतात आणि उपसा झालेल्या जागी क्रम मोडलेला असतो. शिसं-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाने थरांचं वय काढता येतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणून ते गेल्या शंभरेक वर्षांसाठी उपयोगी.

## पायरी ६: पुण्यापर्यंतचा प्रवास

नमुना पिशवीत गेल्यापासून बर्फात. बर्फ मासळीबाजारात मिळतो, पण तो दुसऱ्या जाड पिशवीत बांधून ठेवा, वितळलेलं पाणी नमुन्याला लागू देऊ नका. घाटात गाडी बंद पडली तर पुरेल इतका जास्तीचा बर्फ घ्या. प्रयोगशाळेत धातूंचे नमुने ४ अंशांवर किंवा गोठवून, सेंद्रिय रसायनांचे उणे २० अंशांवर. सल्फाइडच्या बरणीचं काम आधी उरका.

कोण, कुठून, कधी, कोणाच्या हाती ही साखळी कागदावर सह्यांसकट ठेवा. अहवाल न्यायाधिकरणात जाण्याची शक्यता असेल तर या कागदाशिवाय बाकीच्या कामाला वजन राहत नाही.

## पायरी ७: वाळवणे, चाळणे, दळणे

धातूंसाठी ६० अंशांपेक्षा जास्त नको. पाऱ्यासाठी ४० अंश किंवा गोठवून वाळवणे, नाहीतर पारा उडून जातो. १०५ अंशांवर एक वेगळा छोटा भाग फक्त ओलावा काढण्यासाठी ठेवा.

चाळणी नायलॉनची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि तुम्ही तेच मोजायला बसला आहात. दळायला अकीकाचा खल. स्टीलच्या भांड्यातून क्रोमियम आणि निकेल येतं.

६३ मायक्रॉनखालचा, म्हणजे बारीक चिखलाचा, भाग वेगळा केलात तर सगळ्या जागांचा वेगळा करा आणि त्या भागाचं वजनी प्रमाणही लिहा.

एक दुर्लक्षित गोष्ट: मीठ. १०० ग्रॅम ओल्या चिखलात ६० ग्रॅम पाणी असेल आणि खारेपणा समुद्राइतका, म्हणजे किलोमागे ३५ ग्रॅम असेल, तर वाळल्यावर उरलेल्या ४० ग्रॅममध्ये सव्वादोन ग्रॅमच्या आसपास नुसतं मीठ असतं. म्हणजे धातूंचे आकडे सुमारे ५ टक्क्यांनी कमी दिसतात. मुखाजवळ कमी आणि नदीकडे जास्त असं चित्र थोडं यातूनही तयार होतं. खारेपणा मोजला असेल तर ही दुरुस्ती साध्या गणिताने होते.

## पायरी ८: कणांचा आकार आणि सेंद्रिय कार्बन

या दोन गोष्टी मोजल्याशिवाय धातूंचा एकही आकडा छापू नका.

सेंद्रिय कार्बनासाठी आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत शेतमातीची डायक्रोमेटची वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. शेतात ती ठीक. खाडीच्या गाळातलं क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि कार्बन फुगून दिसतो. सल्फ्युरिक आम्लात सिल्व्हर सल्फेट घाला किंवा गाळ आधी धुऊन मीठ काढा. यंत्राने कार्बन मोजणार असाल तर शिंपल्यांचा चुना आधी आम्लाने काढा. ५५० अंशांवर जाळून वजनातली घट मोजणं स्वस्त आहे, पण चिकणमातीच्या कणांत बांधलेलं पाणीही तेव्हा उडतं. जागांच्या आपसातल्या तुलनेसाठी ते चालेल, ‘सेंद्रिय कार्बन’ म्हणून छापू नका.

## पायरी ९: विरघळवणे आणि मोजणे

इथे एकच निर्णय आहे, पण सगळं त्याच्यावर उभं आहे. अ‍ॅक्वा रेजिया, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, गाळातले बरेचसे धातू सोडवतं, पण सिलिकेटच्या जाळीत अडकलेलं अ‍ॅल्युमिनियम आणि क्रोमियम पूर्ण सोडवत नाही. पूर्ण विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. खडकांचे प्रकाशित आकडे पूर्ण प्रमाणाचे असतात. कणांच्या बारीकपणाचा फरक काढून टाकायला धातूंचे आकडे अ‍ॅल्युमिनियमने भागतात, म्हणून अ‍ॅक्वा रेजियाचं अ‍ॅल्युमिनियम घेऊन त्याला खडकाच्या पूर्ण अ‍ॅल्युमिनियमशी जोडू नका. एक तर दोन्ही बाजू पूर्ण घ्या, नाहीतर तुलनेच्या जागेचा गाळही त्याच अ‍ॅक्वा रेजियाने विरघळवा.

सावधान: हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत जाऊन हाड आणि हृदयापर्यंत इजा करतं, आणि सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही. योग्य फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट), प्रशिक्षित माणूस आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नसेल तर हे काम करू नका, बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घ्या.

दर दहा नमुन्यांमागे एक ब्लँक (गाळ न घालता फक्त आम्ल), एक दुहेरी नमुना (तोच गाळ दुसऱ्यांदा) आणि एक प्रमाणित गाळ (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक आहे असा) ठेवा. प्रमाणित मूल्याच्या ८० ते १२० टक्के उत्तर आलं तर पुढे जा. अ‍ॅक्वा रेजियाने क्रोमियम कमी आलं तर ते पद्धतीचं लक्षण आहे. आकडा गुणून वर ओढू नका, जसा आला तसा लिहा.

## पायरी १०: तुलना, म्हणजे खरा निकाल

बहुतेक अहवाल इथे घसरतात. गाळाच्या शोधनिबंधांत ‘सरासरी शेल’ (शेल म्हणजे चिकणमाती घट्ट होऊन बनलेला खडक) ही १९६१ सालची मूल्यं सर्रास वापरतात: तांबं ४५, निकेल ६८, क्रोमियम ९०, जस्त ९५, शिसं २०, सगळी किलोमागे मिलिग्रॅम. पण कुंडलिकेच्या खोऱ्यातला खडक शेल नाही, दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा खडक आहे. त्याच १९६१च्या कोष्टकात बेसॉल्टची सरासरी तांबं ८७, निकेल १३०, क्रोमियम १७०, जस्त १०५ आणि शिसं फक्त ६ आहे.

फरक किती पडतो ते पाहा. समजा, तुमच्या गाळात तांबं ११० निघालं. भूसंचय निर्देशांक काढताना नमुन्याच्या आकड्याला नैसर्गिक मूल्याच्या दीडपटीने भागतात आणि २ पायाचा लॉगरिदम घेतात. शेल धरली तर ११० भागिले ६७.५, निर्देशांक ०.७०, म्हणजे प्रदूषणाची सुरुवात. बेसॉल्ट धरला तर ११० भागिले १३०.५, निर्देशांक उणे ०.२५, म्हणजे प्रदूषण नाही. गाळ तोच, चमचा तोच.

शिशाचं उलट होतं. समजा, २५ निघालं. शेलच्या हिशोबाने निर्देशांक उणे ०.२६, सगळं ठीक. बेसॉल्टच्या हिशोबाने २५ भागिले ९, निर्देशांक १.४७, मध्यम प्रदूषण. म्हणजे चुकीची पार्श्वभूमी (तुलनेला धरलेली नैसर्गिक पातळी) तांब्याबाबत खोटा आरडाओरडा करते आणि शिशाबाबत गप्प बसते. माझ्या लेखी दुसरं जास्त वाईट.

जागतिक बेसॉल्टची सरासरी हाही आधारच, अंतिम शब्द नव्हे. कोकणात बेसॉल्टवर जांभा आहे, त्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही साठतात, म्हणून धातूंचे आकडे लोहाने भागून कणांचा फरक काढून टाकण्याची सोयीची वाट इथे सावधपणे वापरावी लागते. सर्वात भक्कम पुरावा म्हणजे तुमच्याच कोअरचा वय तपासलेला खालचा थर आणि शेजारच्या खाडीचा तसाच बारीक गाळ. दोन्ही एकच सांगत असतील तर तीच तुमची पार्श्वभूमी.

अमेरिकेतली ईआरएल (याखाली परिणाम क्वचित) आणि ईआरएम (याच्या वर परिणाम वारंवार) ही जीवांवरच्या परिणामांची मूल्यं वापरतानाही हेच भान हवं. निकेलसाठी ती किलोमागे २०.९ आणि ५१.६ मिलिग्रॅम आहेत. कारखाना नसलेल्या बेसॉल्टी खाडीचा गाळही वरची रेषा सहज ओलांडू शकतो, कारण बेसॉल्टमध्येच निकेल जास्त असतं; पण ते खनिजाच्या आत बंद असल्याने जीवांना सहसा मिळत नाही.

तपासा: सगळे आकडे कोरड्या वजनावर आहेत ना? यंत्राच्या मर्यादेखालच्या नोंदींना शून्य धरलेलं नाही ना? आलेखावर जागा नदीकडून समुद्राकडे क्रमाने आहेत ना?

## पायरी ११: जीवांना विचारा, मग ‘विषारी’ म्हणा

रसायन जास्त असणं आणि ते जीवांना बाधणं या दोन गोष्टी. काळ्या गाळातलं सल्फाइड बऱ्याच धातूंना बांधून ठेवतं. तोच गाळ उपसून उघड्यावर टाकला की ते सुटू शकतात. शक्य असेल तर प्रत्येक जागी एक जादा ग्रॅब घेऊन ०.५ मिलिमीटरच्या चाळणीत तळाचे जीव वेगळे करा, फॉर्मॅलिनमध्ये ठेवा आणि मोजून घ्या. हे जमलं नाही तर अहवालात ‘नैसर्गिक पातळीपेक्षा वाढ’ लिहा, ‘विषारी’ लिहू नका.

अहवालात प्रत्येक आकड्याशेजारी खोली, कणांचा भाग, विरघळवण्याची पद्धत आणि वापरलेली पार्श्वभूमी द्या. वाळलेल्या गाळाचा उरलेला भाग, निदान ५० ग्रॅम, घट्ट झाकणाच्या डब्यात लेबल लावून ठेवा. कोणी निकालावर शंका घेतली तर त्याच डब्यातला गाळ दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.